चारच्या वर, आठच्या खाली

मैत्रिणी म्हणतात, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? मी म्हणते, महिन्यातून एकदा म्हाताऱ्यांची परीक्षा घ्या, तुमच्याकडेही ढीग लागेल!

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या बाहेर एका वृद्धाश्रमात मी नर्स होते. दर महिन्याला अकोल्याहून डॉक्टर एसटीनं यायचे. आंघोळ, कपडे, जेवण, चालणं, संडास, असे पाच विषय. स्वतः केलं तर दोन मार्क, मदत लागली तर एक, नाहीच जमलं तर शून्य. आठच्या वर गेला तो धडधाकट, त्याची रवानगी नातेवाइकांकडे. चारच्या खाली आला तो नागपूरच्या मोठ्या इस्पितळात. खाटा कमी, म्हणून हा नियम. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांनाच मधले मार्क हवे असायचे. डॉक्टर मात्र भलते कडक!

*

अंजनगावचे गणपत पैलवान रोज विहिरीचं पाणी शेंदायचे. परीक्षेच्या दिवशी हमखास लंगडायचे. एकदा जाताना डावा पाय ओढला आणि येताना उजवा.

डॉक्टरांनी विचारलं, "पैलवान, दुखणं कोन्त्या पायात हाय?"

पैलवान विचारात पडले. म्हणाले, "आता ते तुमीच सांगा साहेब. शिकेल माणूस तुमी."

नऊ मार्क पडले. पुढच्या आठवड्यात पुतण्या येऊन घेऊन गेला. जाताना दोन्ही पाय झकास चालत होते.

*

एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांना आंघोळीत एकच मार्क मिळाला, कारण पाठीला साबण लावायला हात पोचेना. एकूण मार्क मधलेच होते, तरी मास्तरांनी पेपर फेरतपासणीला टाकला!

"स्वतःच्या पाठीले कोनाचा हात पोचते? तुमचा पोचते काय?"

डॉक्टरांनी कोटासकट हात मागे नेऊन पाहिला. पोचला नाही. तरी मार्क वाढवला नाही. म्हणाले, "मी इथं भरती नाही."

*

चंद्रभागाबाईंचे हात कापायचे. कागदावर 'चमच्याने जेवतो का' असं छापलेलं, म्हणून त्यांना चमचा दिला. वरण सगळं लुगड्यावर सांडलं. बाई चिडल्या. आपण जन्मात चमचा धरला नाही, भाकर द्या मग पाहा, म्हणाल्या.

भाकर दिली. बाईंनी ठेच्याबरोबर अख्खी संपवली आणि दुसरी मागितली. डॉक्टरांनी छापील 'चमचा' खोडून वर 'भाकर' लिहिलं आणि दोन मार्क दिले.

*

तुळशीराम आणि सकूबाई हे नवराबायको आमच्याकडेच, तो पुरुषांकडे, ती बायकांकडे. मूलबाळ नाही. तुळशीरामबुवांची उजवी बाजू लकव्यानं गेली. चालण्याचा एक, जेवणाचा एक, संडासचा एक, आंघोळीचा शून्य. झाले तीन. आता कपड्यांत निदान एक मिळाला नाही तर नागपूर, आणि सकूबाईला तिकडे कोण घेणार? मागच्या खेपेला एका हातानं त्यांना एकही बटण लावता आलं नव्हतं; नागपूरला खाट रिकामी नव्हती म्हणून तेवढे राहिले होते. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं होतं.

या खेपेला डॉक्टरांनी त्यांचा पांढरा सदरा हातात दिला. बुवांनी डाव्या हातानं तो डोक्यावरून घातला, खाली ओढला. समोर पाचही बटणं लागलेली!

डॉक्टर वाकले. बटणांवरून बोट फिरवलं. मीही वाकून पाहिलं. गळ्यापासून खालपर्यंत सदऱ्याची पट्टी शिवून टाकलेली होती, बटणं नुसती दिसायला. दारात सकूबाई उभी होती.

"सिस्टर, लिहा," डॉक्टर म्हणाले. "कपडे, स्वतः. दोन."

मी लिहिलं. डॉक्टरांनी बॅग उचलली, दारापाशी सकूबाईजवळ थांबले आणि हळूच म्हणाले,

"बाई, पुढच्या बारीले पांढरा दोरा घेजा. काळा दिसते."