मेश्रामदादांच्या नावावरचा अर्धा तास

मेश्रामदादा गेल्याचं प्रज्ञावहिनींनी नागपूरहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी इथे अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या माझ्या किचनमध्ये उभी होते. हार्ट अटॅक... पन्नाशीही धड उलटली नव्हती. रडू आलंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी भीती वाटली. माझी एक गोष्ट जगात फक्त त्यांना ठाऊक होती. आता ती मला एकटीला सांभाळायची होती, आणि गेले पाच आठवडे ती काही केल्या सांभाळली जात नाही.

परदेशातून इथे आलेल्या लोकांना त्यांच्या त्यांच्या देशांचे कार्यक्रम दाखवणारं एक छोटं टीव्ही चॅनल होतं, तिथे आम्ही दोघं इंजिनियर. मी पुण्याची, नवखी आणि जन्माची भित्री. नोकरी गेली की व्हिसा गेला हे कळल्यापासून तर मालकाच्या बुटांचा आवाज आला तरी मी उगाच कागद चाळायला लागायचे. दादा या नोकरीआधी एक वर्ष स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या टीव्ही स्टेशनात ट्रेनिंगला होते आणि त्या वर्षाचा विषय निघाला की त्यांना आवरणं मुश्किल. तिथे मूठभर लोकांच्या गेलिक नावाच्या भाषेलाही टीव्हीवर हक्काची वेळ होती, याचं त्यांना फार अप्रूप. “अन् थर्टीफर्स्टला तर सगळं स्कॉटलंड टीव्हीसमोर बसून राहते,” ते सांगायचे. “बाराची घंटा मिस झाली ना, तर माफी नाही तिथं.”

मी लागले त्या वर्षीच्या डिसेंबरात हाच थर्टीफर्स्टचा कार्यक्रम आम्ही इथल्या स्कॉटिश मंडळींना थेट दाखवणार होतो. तिकडचे रात्रीचे बारा म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. सॅटेलाइटची वेळ बुक करायचं काम माझ्याकडे होतं. पुण्याला आईला फोन करायचा तर साडेदहा तासांचा हिशोब, त्यामुळे समुद्रापलीकडची वेळ काढायची म्हटलं की तो अर्धा तास बोटांना चिकटलेलाच. मी आपली सवयीनं साडेसात धरले आणि फॉर्म पाठवून मोकळी झाले! सातला दहा मिनिटं उरली तरी स्क्रीन काळाच. दादांनी माझा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “रडते काय? ग्लासगोला फोन लाव आधी,” ते म्हणाले. तिकडच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यानं रिसीव्हर स्पीकरला लावून धरला आणि आमच्या प्रेक्षकांनी बाराची घंटा नुसती ऐकली... एका स्थिर चित्रावर, फोनच्या खरखरीसकट. मग तक्रारींचे फोन सुरू झाले.

“वेळ कुणी काढली?” मालकानं विचारलं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. शपथेवर सांगते, फुटला नाही... “मी,” दादा म्हणाले.

त्यांचा व्हिसाही माझ्यासारखाच होता. काही दिवसांतच मेश्राम कुटुंबानं सामान बांधलं. एअरपोर्टवर वहिनी लांब उभ्या होत्या तेवढ्यात मी म्हटलं, “दादा, मी आत्ता जाऊन सगळं सांगते.” ते हसले. “आता सांगून काय, दोघंही घरी बसू? मला नागपुरात कुठंही काम भेटते. तू इथं नीट राहा, अन् घाबरून नको राहू.” मी राहिले. दादांची जागा मलाच मिळाली.

गेल्या रविवारी मनाचा हिय्या करून वहिनींना फोन लावला. “जय भीम, वहिनी. तुम्हाला काही सांगायचं होतं...” पण त्याच बोलत सुटल्या. “मी चिडवायची ना यांना, साधं घड्याळ समजत नाही म्हणून आपली अमेरिका गेली. हसायचे नुसते. तेव्हापासून रेल्वेचं तिकीट असो की लग्नाची पत्रिका, टाइम मलाच दाखवायचे. ‘प्रज्ञा, तूच बघ बाई, माझा भरवसा नाही.’ परवा शेजारची पत्रिका आली, तर मी आपली चष्मा शोधत बसली...”

माझा आवाज पुन्हा फुटला नाही. म्हणून हे लिहितेय. वहिनी, दादांना घड्याळ समजत होतं. तो अर्धा तास माझा होता.