सोजराबाईंची न लिहिलेली तक्रार

माझे यजमान देवानंद पोलीस खात्यात जमादार आहेत. चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुसरबीडकडच्या एका खेड्यातून सोजराबाई नावाची म्हातारी त्यांच्या ठाण्यात आली. तिची विधवा मुलगी आशा मंगळवारी बाजाराला गेली होती, ती परतली नव्हती. त्या दिवशी बंदोबस्ताची घाई होती. "रुसून गेली असंल नातेवाइकाकडं. येईल दोन दिवसांत," असं सांगून यांनी तिला परत पाठवलं. कागदावर एक ओळही लिहिली नाही.

शनिवारी आशा विहिरीत सापडली. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले.

पुढच्या वर्षभरात त्याच पट्ट्यात आणखी दोन बाया विहिरींत सापडल्या. तिघीही बाजारातून एकट्या परतत होत्या, आणि तिघींच्याही गळ्यातली सोन्याची पोत गेलेली होती. हा एकाच माणसाचा हात आहे, हे वरिष्ठांना पटलं, तेव्हा यांनी तो तपास स्वतःहून मागून घेतला.

घरात मात्र ते असून नसल्यासारखे झाले. ताटावर बसायचे आणि दोन घासांत उठायचे. आमची प्रेरणा दहावीला होती. तिने काही विचारलं तर उत्तर भलतंच द्यायचे. दर रविवारी मोटारसायकल काढून सोजराबाईंकडे जायचे. काय बोलता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. ती चहा करते, मी पितो."

अशाच एका रविवारी ओट्यावरच्या गॅसच्या शेगडीकडे त्यांचं लक्ष गेलं. एक बटण काळं, एक लाल. ते कधी बदललं, असं त्यांनी सहज विचारलं.

"आशा होती तवाच. शेगडी दुरुस्त करणारा आलता फटफटीवर. लय गोड बोले. मले माय म्हणे."

चहा तसाच ठेवून हे विहिरीत सापडलेल्या दुसऱ्या दोघींच्या घरी गेले. तिथेही तोच माणूस येऊन गेला होता. घरी येऊन गेलेला, ओळखीचा, म्हणून बाया त्याच्या गाडीवर विश्वासाने बसल्या होत्या. आठ दिवसांनी सुलतानपुरात तो सापडला. तिघींच्याही सोन्याच्या पोती त्याच्या हत्यारांच्या पेटीत होत्या. गेल्या वर्षी त्याला जन्मठेप झाली.

निकालानंतरच्या रविवारी हे मला म्हणाले, "तू येतेस सोबत? एकट्यानं बोलणं होणार नाही."

सोजराबाईंच्या ओसरीत ते बसले. मग म्हणाले, "माय, त्या गुरुवारी तुमची तक्रार ज्यानं घेतली नाही, तो जमादार मीच."

"मले मालूम हाय," सोजराबाई म्हणाल्या. "तू पयल्यांदा दारात आला, तवाच वळखलं म्या."

"मग घरात काऊन घेतलं मले? हाकललं का नाही?"

"राग तं होताच. पयला चहा म्या तुले मीठ टाकून देल्ला. तू सारा पेला, तोंडबी वाकडं केलं नाही. मंग मले समजलं, ह्याच्या पोटात काहीतरी हाय." त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "एक सांग. म्या आली तवा माही आशा जित्ती होती?"

"नाही. मंगळवारीच जीव गेला होता. डाक्टरनं लिहून दिलंय."

सोजराबाईंनी पदराने डोळे पुसले. "मंग माही नसतीच वाचली. पण त्या दोघी वाचल्या असत्या, बाप्पा."

"हो," हे म्हणाले. सोजराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हे लहान मुलासारखे रडले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिथून आम्ही विहिरीत सापडलेल्या दुसऱ्या बाईच्या घरी गेलो. तिच्या नवऱ्याने, रामरावांनी, सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिसऱ्या घरच्यांनी पाणी दिलं.

पुढच्या रविवारी हे पुन्हा रामरावांकडे गेले. दार तेव्हाही उघडलं नाही. ते अजून जातात. कधी मी सोबत असते. आम्ही त्यांच्या ओट्यावर जरा वेळ बसतो आणि परत येतो.