नजरेची कड

२८ नोव्हेंबर, गुरुवार. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. गाद्यांना ऊन दाखवलं. भाऊजी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शिंप्याच्या दुकानात कापड बेतण्याचं काम करतात. आयुष्यात हौस अशी एकच केली. लग्नाआधी स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवली आणि आमच्या गच्चीवर आणून ठेवली, कारण त्यांच्या घराला गच्ची नाही. आमचे हे असताना म्हणायचे, "याला फक्त वरचं विचारा, खालचं याला काही माहीत नसतं."

दुपारी मी त्यांच्याकडे गेले. समोरचं अजून बरीच वर्षं दिसेल, कडेचं मात्र गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जाऊ तेवढ्यावरच खूश होती.

"पेपर वाचता येतोय, सुईत दोरा ओवता येतोय. मग तोंड पाडून कशाला बसायचं?"

"अगं, फिकट तारा सरळ बघून दिसत नाही. जरा बाजूला बघायचं, मग तो डोळ्याच्या कडेला उमटतो."

"तरीच! माझ्याकडे जन्मभर तिरकंच बघत आलात."

"तू नीट दिसावीस म्हणून."

आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत.

अंधार पडल्यावर ते आमच्याकडे आले. "वहिनी, एकदा बघून घेतो."

देवयानी दीर्घिका डोक्यावर आली होती. ठळक ताऱ्यांच्या खुणेनं त्यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ वाकून राहिले. डोळा बदलला. मग बाजूला झाले.

"तुम्ही बघा. आहे का?"

काचेवर श्वास सोडावा तसा धूसर डाग होता. "आहे, भाऊजी."

"मधोमध?"

"अगदी मधोमध."

"मला नुसता काळोख दिसतोय."

"थेंब सुरू केलेत ना, कदाचित..."

"थेंब उरलेलं राखायला असतात, वहिनी." त्यांनी नळीला झाकण लावलं. "कुणी मागितली तर देऊन टाका."

उतरताना त्यांचा पाय पायरीवरून चुकला. मी दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

ते गेल्यावर डायरीत आणखी एक ओळ लिहिली: जिन्यातला दिवा यापुढे संध्याकाळपासून लावून ठेवायचा.