आंबिलीचं मडकं आणि मेहुण्याची जीप

चांगली चालणारी वस्तू सुधारून सुधारून बंद पाडावी ती माझ्या मेहुण्यानंच. लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत त्याच्या तोडीचा दुसरा माणूस दाखवा, मी माझी काठी त्याच्या हातात देऊन रांगत घरी जाईन. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लातुरात एका दालमिलमध्ये जन्मभर मिस्त्री होता. मिलमधली यंत्रं त्याच्या हाताखाली मुकाट चालायची, कारण तिथं मालक उभा असायचा. घरी मालक कुणी नव्हता. त्यानं पंखा सुधारला, तर पंखा छताला वारा घालायला लागला. हिच्या मिक्सरचा आवाज कमी करतो म्हणून नेला. आवाज खरंच गेला, आणि आवाजाबरोबर मिक्सरही गेला. ही म्हणायची, "माझा भाऊ हाताचा लई गुणी हाय, फक्त त्याच्या हातात काही देऊ नका."

आमच्याकडं येळवस दिवाळीपेक्षा मोठी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला शहर ओस पडतं आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पूजा मांडायची, भज्जी आणि उंडे खायचे, घरून नेलेली मडकंभर आंबील प्यायची. हिच्या माहेरचं रान शिरूर अनंतपाळच्या पलीकडं, ओढा ओलांडून. रस्ता म्हणाल तर काळ्या मातीतल्या दोन चाकोऱ्या. हिचे गुडघे गेल्यावर एका येळवशीला ट्रॅक्टरवर बसवून नेली, तर नंतर आठ दिवस कंबर धरून पडून होती. तेव्हा मेहुणा उशाशी बसून म्हणाला, "अक्का, पुढच्या येळवशीला तुला कोपीच्या दारात उतरवतो. धक्का बी लागू देणार न्हाई." ही हसली. मी घाबरलो. मला मिक्सर आठवत होता.

महिन्याभरात त्यानं नांदेडहून एक जुनी फोर बाय फोर जीप आणली. जिथं उभी होती तिथं तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या; मागच्या सीटखाली एक अंडं लातूरपर्यंत न फुटता आलं. यावरून गाडी किती चांगली होती ते समजा. त्याच दिवशी हिला तीत बसवून रानात फिरवून आणलं असतं, तर सगळं झालं होतं. पण चालती गाडी बघून ह्याला चैन पडेना. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून त्यानं गाडी वीतभर वर उचलली. टायर असे घातले की ते ट्रॅक्टरनं मागून घ्यावेत. कमरेइतक्या पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून काचेच्या बाजूनं वर एक नळकांडं काढलं. ज्या लातुरात प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं ह्यानं पुराची सोय करून ठेवली. मी म्हटलं, "ओढ्यात घोटाभर बी पाणी नसतं की." तो म्हणाला, "दाजी, पाणी काय सांगून येतंय का?"

पुढं, दुसऱ्यांच्या अडकलेल्या गाड्या ओढून काढायला, जीपच्या तोंडाला तारेचा रहाट बसवला. विष्णुपुरीच्या बाजूला गोदावरीकाठी चिखलात गाड्या घालायची हौस असलेले लोक सुट्टीला जमतात, त्यांच्यात हा साठीतला माणूस कानटोपी घालून गेला. मला साक्षीला नेलं. पहिल्याच चिखलात जीप पोटापर्यंत बसली. ह्यानं तार एका बाभळीला बांधली आणि रहाट सुरू केला. जीप जागची हलली नाही. बाभूळ उपटून आमच्याकडं आली. शेवटी एका म्हसरंवाल्यानं ट्रॅक्टर आणून आम्हाला काढलं. त्यानं रहाटाकडं बघून विचारलं, "मामा, हे कशाला बशिवलंय?"

"अडकलेल्या गाड्या काढायला," मेहुणा म्हणाला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

येळवस आली. ही नवं लुगडं नेसून, आंबिलीचं मडकं घेऊन दारात उभी. जीप आली आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं की ती इतकी उंच झाली आहे, की जिच्यासाठी घेतली तिचा पाय तिथवर पोचत नाही. आम्ही दोघांनी बगलेत हात घालून बघितलं. ही ओरडली, "सोडा मला. मी काय तुरीचं पोतं हाय का, वर फेकायला? सगळी गल्ली बघायलीय." मग ती घरीच राहिली आणि मडकं तेवढं माझ्या मांडीवर दिलं. आम्ही रानात पोचलो तेव्हा निम्मी आंबील माझ्या धोतरात होती. परत आल्यावर ती पोट धरून हसली आणि भावाला म्हणाली, "माझी कंबर ऱ्हाऊ दे. आधी मडकं न सांडता नेऊन दाखीव. मग मी बसते."

दुसऱ्या दिवशी तो खडू घेऊन आला. हिला भिंतीशी उभी केली. "अक्का, पाय उचल. दुखंल तिथं थांब." जिथं थांबली तिथं भिंतीवर रेघ मारली. जमिनीपासून एक वीत चार बोटं. तेवढ्या उंचीवर पायरी करायची. लोखंडाची एक पट्टी जोडली की काम झालं. पण ह्याच्या डोक्यात आलं, की पट्टी दगडाला अडकेल. म्हणून दार लावलं की आपोआप आत जाणारी पायरी पाहिजे. तिला मोटार पाहिजे. मोटार मिळाली ती पायरी बाहेरच काढीना, मग दुसरी मोटार. ह्यात उन्हाळा गेला. पाऊसकाळ गेला. ही दर आठवड्याला विचारायची, "झाली का रे पायरी?" तो म्हणायचा, "झालीच, अक्का."

दसऱ्याच्या आधी ही गेली. दोन दिवसांचा ताप, बस. तेराव्यापर्यंत मेहुणा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

यंदा येळवशीला सकाळी दारात जीप थांबली. मी म्हटलं, "मी न्हाई येणार." तो मडकं घेऊन आत आला. त्याच्या बायकोनं आंबील करून दिली होती, ते मडकं त्यानं माझ्यापुढं ठेवलं. "मग हे धरायचं कुणी, दाजी?"

बाहेर आलो. मोटारी सगळ्या काढून टाकल्या होत्या. दाराखाली साधी लोखंडी पट्टी जोडलेली. माझेही गुडघे आता तिच्यासारखेच झालेत. पाय ठेवला आणि सहज वर गेलो. मोजायची गरज नव्हती, भिंतीवरची ती रेघ रोज बघतो मी.

शिरूर अनंतपाळ मागं टाकलं, चाकोरीत उतरलो. हा माणूस इतकी हळू गाडी चालवतो हे मला माहीत नव्हतं. बाजूनं चालणाऱ्या बाया आमच्या पुढं निघून गेल्या. ओढ्यात पाणी नव्हतंच. कोपीच्या दारात त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि समोर बघतच विचारलं,

"दाजी, सांडली का?"

मी मडक्यावरचं फडकं उचलून बघितलं. "न्हाई."

"एक थेंब बी न्हाई?"

"न्हाई रे," मी म्हटलं. मग तो खाली उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला, आणि दार उघडून दोन्ही हात पुढं करून उभा राहिला.