पडदा हिरवाच राहिला

जळक्या वाळूचा वास आला की मला शिरोलीकडच्या त्या फाउंड्रीतली दुपार आठवते. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम माझा होता. राजारामपुरीत माझ्या लॅपटॉपवर तो पळायचा, पण कारखान्यातल्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर रखडायचा, म्हणून मी कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दशांशाची गणितं झटपट करायचा पर्याय दिला. सेन्सर बिघडला की आकड्याऐवजी 'आकडा नाही' अशी खूण येते. ती कधी येणारच नाही असं धरून तो पर्याय ती खूण पकडणारी माझी तपासणीच गाळून टाकतो, हे मी वाचलं नव्हतं. त्या दुपारी सेन्सरची वायर जळली आणि सगळं ठीक असल्यासारखा स्क्रीनचा पडदा हिरवाच राहिला. भट्टीवरच्या मामांनी पाण्याच्या पाइपला लावलेला हात झटकन मागं घेतला. "साहेब, पाइप हाताला सोसंना." मी म्हणालो, "मामा, स्क्रीन बघा की, सगळं बरोबर हाय." स्क्रीनकडं न बघता त्यांनी भट्टी बंद केली. पाइपात पाणी उकळत होतं. तो पर्याय मी तिथल्या तिथं काढला. पण तोच प्रोग्राम, त्या पर्यायासकट, मी आधी आणखी एका कारखान्यात बसवलाय, आणि तिथला मालक परवाही मला गेटवरूनच म्हणाला, "हिरवं दाखवतंय न्हवं? मग कशाला हात लावताय?"