टाकून दिलेलं क्रियापद

साहेब गाशा गुंडाळत होता त्या दिवसांत पुणतांब्याच्या फलाटावर एक गृहस्थ भेटले. भर वैशाखात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी कोट. मनमाडला मुलीच्या लग्नाची बोलणी करायला निघाले होते. मुलाकडची मंडळी दुपारी तिथून आपल्या गावी परतणार होती. मलाही मनमाडलाच जायचं होतं. पण मुलीबद्दल एक वाक्य झालं, बाकी सगळं एका इंग्रजी क्रियापदाबद्दल.

"मिसवीन. म्हणजे चुकीची समजूत करून घेणं. वीन म्हणजे जुन्या इंग्रजीत वाटणं, आशा धरणं. त्याला पुढून मिस जोडला. आता विलायतेतही कोणी वापरत नाही."

"तिथले गैरसमज संपले असतील," मी म्हणालो.

तेवढ्यात दोन्हीकडच्या गाड्या आल्या. ते समोरच्या डब्यात चढले.

"अहो, ही नगरची. मनमाडची पलीकडे आहे."

वरचं बटण चाचपत ते हसले. "तुम्ही मिसवीन करताय."

"आवं बाबा, नगरलाच चाललीय ही," काकडीवाली म्हणाली.

"बाई, तुम्हीसुद्धा मिसवीन करताय."

"मी काय बी करत न्हाई. काकड्या इकती."

गाडी नगरकडे सुटली. खिडकीतून त्यांनी हात हलवला. फलाटावर राहिलेल्या माझी त्यांना मनापासून कीव येत होती.