अपिलाआधीची अंघोळ

भाऊच्या मदतनीस भत्त्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला तो ताईच्या सेवेमुळे. सैनिकी पेन्शन मंडळाच्या डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवून पाहिलं, तर पाठीवर एक व्रण नाही, नखं कापलेली, दाढी गुळगुळीत. ‘प्रकृती उत्तम, रोजच्या मदतनिसाची गरज नाही,’ असा शेरा मारून ते मोकळे झाले. सुरुंगाने कमरेखालचं सगळं आणि बोटांतलं बळही नेलेल्या, चमचाही धरता न येणाऱ्या माणसाची पाठ आपोआप नितळ राहते, असं त्या विद्वानांना वाटलं असावं.

ताई लोकांचे कपडे शिवायची. मशीन भाऊच्या खाटेला लागूनच होतं. टीप अर्धी टाकून उठायचं, त्याला कूस बदलून द्यायची, पुन्हा मशीनवर. पण आता तिचीच पाठ गेली होती. डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं होतं, आणि भाऊ काही बादलीएवढा हलका नव्हता. मदतनीस भत्ता मिळाला तर उचलायला एखादा गडी ठेवता आला असता. नाही तर सैनिकांचा वॉर्ड होताच. ताई टायफॉइडने पडली तेव्हा तो तिथे राहून आला होता, तो पाठीत मूठ जाईल एवढी जखम घेऊनच.

“परत तिथे धाडण्यापेक्षा विष घाल मला,” भाऊ म्हणाला होता. तो थट्टेखोर माणूस, पण हे थट्टेने म्हटलेलं नव्हतं.

शेजारी पेन्शन कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून राहत. त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो ताई, तुम्ही त्याला नवरदेवासारखा नटवून नेलात, तिथंच माती खाल्लीत! अपिलाला जसा आहे तसा न्या. चार दिवस पाणी लावू नका.”

रविवारनंतर ताईने त्याला अंघोळ घातली नाही, दाढीही केली नाही. कूस तेवढी बदलत राहिली, ते काही तिला सोडवेना. खोलीत वास येऊ लागला. ताईची पाठ दुखतेय असं समजून भाऊ आपल्या दाढीवरून विनोद करत राहिला. त्या विनोदांनी तिचा जीव तुटायचा. खरं कारण तिने सांगितलं नाही. साहेबासमोर त्याला खोटं बोलता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. “तू गप्प राहा, मी बोलते,” एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी तिघांच्या मंडळापुढे सुनावणी झाली. मधल्या खुर्चीवरचे अध्यक्ष जुने लष्करी अधिकारी होते. त्यांनी ताईकडे पाहिलंच नाही.

“जवान, अंघोळ कोण घालतं?”

भाऊची मान ताठ झाली. “बहीण, सर.”

“शेवटची कधी घातली?”

“रविवारी, सर.”

तिघांच्याही नजरा ताईकडे वळल्या.

“साहेब, मीच मुद्दाम ठेवलं हो त्याला असं! मागे स्वच्छ आणला तर तुम्ही म्हणालात गरज नाही...”

“मुद्दाम?” अध्यक्षांनी चष्मा काढला. “घाणीत ठेवलंत, मुद्दाम?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने हात जोडले, पाया पडते म्हणाली, शेजाऱ्यांना बोलवा म्हणाली. शिपायाने तिला खुर्चीवर बसवलं.

निकाल तिथेच मिळाला. रोजच्या मदतीची गरज सिद्ध झाली, अपील मंजूर. मात्र घरी हेळसांड होत असल्याने भत्ता न देता सैनिकांच्या वॉर्डात दाखल करावं.

“तुम्हालाही आता आराम पडेल, बाई,” अध्यक्ष म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

‘मंजूर’ एवढंच कानी पडून भाऊचा चेहरा उजळला होता. पुढचं त्याला हळूहळू कळत गेलं. वॉर्डाची माणसं स्ट्रेचर घेऊन आली, तेव्हा त्याने ताईचा पदर धरायला हात उचलला; बोटं मिटेनात.

“ताई, मी काही चुकीचं बोललो का गं?”

“नाही रे राजा,” ताई म्हणाली. “खरं तेच बोललास.”